वसईची आई: पाळणा, चूल आणि जपमाळ

अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरीमार्गे शिरसाड फाट्याला जाणारा रस्ता आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा आहे. तो ओलांडून पुढे गेलं की वसई. आपल्या गटाच्या बायका पापड-मसाला घेऊन तिकडच्या बाजारात बसतात, तेव्हा शेजारी केळी, पानं, भाजी घेऊन बसलेल्या ख्रिस्ती बायका भेटतात. बोलायला लागल्या की आपलीच मराठी, मध्येच एखादा शब्द कळत नाही एवढंच. गेल्या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एकीने विचारलं, "ताई, त्यांच्या घरात आईचं कसं चालतं हो? लहान पोरं, देवधर्म, उपासतापास, सगळं आपल्यासारखंच का?" आजचं बोलणं त्यावर आहे. मात्र आजच्या घरापासून सुरुवात केली तर अर्धंच कळेल. चारशे-साडेचारशे वर्षं मागे जावं लागेल.

वसईचा इतिहास आपल्याला एका बाजूने चांगला पाठ आहे. वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढताना आपण पोरांना सांगतो की चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, नवस फेडला आणि हे देऊळ बांधवलं. ते १७३९ साल. त्याआधी दोनशे वर्षं वसईवर पोर्तुगीज होते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई त्यांना दिली. किल्ल्यात पोर्तुगीज राहत, आणि भोवतालच्या गावांत आपलीच माणसं: सामवेदी, वाडवळ, कोळी, शेतकरी, कारागीर. त्यांच्यातली पुष्कळ घरं त्या काळात ख्रिस्ती झाली. कोणी मनाने, कोणी दबावाने, कोणी जमिनीसाठी, कोणी शेजारी झाले म्हणून. किल्ल्याची लढाई पुस्तकात आली. घरात काय झालं ते फारसं आलं नाही.

एक उदाहरण सांगते. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत वसईचे, गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई वसईची. पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथे व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला इतर पंचवीस जणांसोबत क्रुसावर मारण्यात आलं. १८६२ मध्ये पोपनी त्याला संत म्हणून जाहीर केलं. त्याच्या नावाचं चर्च आहे, सण आहे. आईबद्दल चरित्रांत एवढंच सापडतं की ती वसईची होती. तिने त्याला कोणत्या भाषेत झोपवलं, पहिला घास कशाचा भरवला, पंधराव्या वर्षी तो गलबतावर चढला तेव्हा ती बंदरावर होती की नाही, यातलं काहीच कोणी लिहून ठेवलेलं नाही.

मग घरातलं कळतं कुठून? गंमत अशी की बंदी घालणाऱ्यांच्या कागदांतून कळतं. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन नावाचं धर्मन्यायालय होतं. नवख्रिस्ती लोक जुन्या चालीरीती पाळतात का, यावर त्याची नजर असे. १७३६ मध्ये, म्हणजे चिमाजी अप्पांच्या विजयाच्या तीनच वर्षं आधी, त्याने गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी एक लांबलचक हुकूम काढला. त्यात कशाकशावर बंदी होती पाहा. लग्नात बायकांनी ओव्या म्हणायच्या नाहीत. नवरीला हळद लावायची नाही. अंगणात तुळस ठेवायची नाही. भात मिठाशिवाय शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात. चोळी घालायची नाही. एकादशी धरायची नाही.

मैत्रिणींनो, ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती आपल्याच घराची यादी वाटली. घर ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं झाली तरी भात अळणीच शिजत होता. त्याशिवाय का कोणी मोठे पाद्री बसून भाताच्या मिठावर हुकूम लिहितील? बंदी आहे म्हणजे ती गोष्ट चालू होती. आणि बहुतेक बंद्या चुलीपाशी, अंगणात, न्हाणीत, म्हणजे बाईच्या हद्दीत येतात. पुरुषाने धोतर नेसू नये असंही त्यात होतं, ते सोडत नाही. पण यादीचा मोठा भाग आईच्या हातातल्या कामांचा आहे.

ओवीची गोष्ट तर वेगळीच आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज पाद्री होते. त्यांनी मराठी शिकून 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत त्यात. १६१६ मध्ये गोव्यात राचोलला ते रोमी लिपीत छापलं गेलं. आपल्या लोकांना देवाची गोष्ट ओवीत ऐकायची सवय आहे, तर ओवीतच सांगावी, हे त्या परक्या माणसाला कळलं होतं. म्हणजे पाद्र्याने लिहिलेली ओवी पुण्याची, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी तीच ओवी लग्नघरात बाईच्या तोंडी आली तर गुन्हा. दोन्ही ठिकाणचा छंद एकच नसेल, पुराणातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांत फरक आहे हे मला माहीत आहे. तरीही मला हे खटकतं.

त्याहून अवघड हुकूम १६८४ चा. गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावं. तीन वर्षं! जिला तेव्हा बाळ झालं असेल तिने काय करायचं? रात्री दोन वाजता पोर रडतंय, आणि आईने फर्मानातल्या भाषेत गप्प करायचं? ते जमणार नव्हतंच, आणि जमलंही नाही. गोव्याच्या घरांत कोकणी राहिली. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती घरांत, ज्यांना कुपारी म्हणतात, त्यांच्यात कादोडी बोली आजही बोलली जाते. उलट पोर्तुगीजच आपल्या घरात आली आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. पाव, बटाटा, साबण, बादली, घमेलं, चावी, नाताळ हे सगळे त्यांचेच शब्द. अंबाडीची बाई सकाळपासून रात्रीपर्यंत अर्धा डझन पोर्तुगीज शब्द बोलते.

१७३९ नंतर वसईत पोर्तुगीज राहिले नाहीत. पाद्री थोडे उरले, मोठमोठी चर्चं ओस पडली. आजही किल्ल्यात गेलात तर छप्पर नसलेल्या भिंती दिसतात. गावातले ख्रिस्ती मात्र होते तिथेच राहिले. तहात त्यांना धर्म पाळायची मुभा होती, पण रोज शिकवायला, सांगायला माणूस कुठून आणायचा? माझा अंदाज असा की त्या काळात प्रार्थना टिकल्या त्या घरातल्या बायकांच्या तोंडपाठ असण्यावर. मिस्सा तर लॅटिनमध्ये असे, ती गावात कोणाला समजत नसे. समजायची ती संध्याकाळची घरातली जपमाळ. दिवेलागणीला पोरांना गोळा करायचं, क्रुसासमोर बसवायचं, एक पेंगतंय, एक दुसऱ्याला चिमटा काढतंय, मांडीवरचं दूध मागतंय, आणि आई मणी सरकवत 'नमो मरिया' म्हणत राहणार. जपमाळ संपली की मुलांनी मोठ्यांपुढे जाऊन आशीर्वाद मागायचा. गोव्यात त्याला 'बेसांव' म्हणतात. आपल्याकडे शुभंकरोति झाल्यावर पोरं पाया पडतात, तसंच.

आता पाळण्याकडे येते, कारण लहान मुलांच्या आईचा खरा जीव तिथे अडकलेला असतो.

कॅथलिक घरात बाळाचा बाप्तिस्मा होतो. डोक्यावर पाणी ओतून नाव ठेवतात, धर्ममाता-धर्मपिता उभे राहतात. पूर्वी हा बाप्तिस्मा फार घाईने करत. १९१७ च्या चर्चच्या कायद्यातही शब्द होते की बाळाला शक्य तितक्या लवकर बाप्तिस्मा द्यावा. म्हणजे आई अजून बाजेवर आणि बाळ चर्चमध्ये, अशी तऱ्हा असे. पुष्कळ आयांनी स्वतःच्या पोराचा बाप्तिस्मा पाहिलाच नाही. घाईचं कारण उघड होतं: बाळं मरत. आपल्या आज्यांना विचारा, किती झाली आणि किती जगली, दोन आकडे वेगळे सांगतील. आणि शिकवण अशी होती की बाप्तिस्म्याशिवाय गेलेलं बाळ स्वर्गात जात नाही. नरकातही नाही, मधल्या एका जागी राहतं. लिंबो म्हणत त्याला. अशा बाळाला दफनभूमीच्या पवित्र केलेल्या भागात जागाही मिळत नसे. म्हणून सुईणीला शिकवून ठेवलेलं असे की बाळ जगत नाही असं वाटलं तर पाद्र्याची वाट पाहू नकोस, तूच पाणी घाल आणि शब्द म्हण. चर्चच्या नियमाप्रमाणे अडीअडचणीला कोणीही, बाईसुद्धा, बाप्तिस्मा देऊ शकते. वेदीजवळ जिला काही अधिकार नव्हता, त्या सुईणीच्या हातात बाळंतिणीच्या खोलीत तो होता.

पण सुईण वेळेवर पोचली नाही तर? ती आई काय घेऊन जगली असेल? बाळ गेलं ते गेलंच, वर हे ओझं. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या समितीने लिहून प्रसिद्ध केलं की अशा बाळांना देव जवळ घेतो अशी आशा ठेवायला भक्कम कारणं आहेत. चांगलं झालं. पण ज्या आयांना ते ऐकायला हवं होतं त्यातल्या बहुतेक तोवर मातीत गेल्या होत्या.

बाळंतपणानंतर सुमारे चाळीस दिवसांनी आई चर्चला जायची. हा वेगळा विधी होता. ती हातात पेटती मेणबत्ती घेऊन दारात थांबायची. पाद्री येऊन आपल्या खांद्यावरच्या पट्ट्याचं टोक तिच्या हातात द्यायचा आणि तिला आत न्यायचा. चर्चच्या पुस्तकात याचा अर्थ उपकार मानणे असा होता. बायका मात्र तो विटाळ फिटण्याचाच विधी समजत. आपला सव्वा महिना आठवला ना? तो विधी आता जवळजवळ बंद आहे. १९६९ मध्ये बाप्तिस्म्याचा नवा विधी आला आणि त्यात आईवडिलांना पुढे उभं केलं, वचन त्यांनी द्यायचं असं ठरलं. आता बाळाची आई स्वतःच बाळाला घेऊन उभी असते.

उपासाचं विचारलं होतं, तेही सांगते. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असेल तर मध्यरात्रीपासून पोटात काही जायचं नाही, पाण्याचा घोटही नाही, असा जुना नियम. इस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला सूट असे, पण प्रसादाआधीच्या या उपासाला नसे. रात्रभर बाळाला पाजायचं आणि पहाटे कोरड्या घशाने चर्चपर्यंत चालत जायचं. १९५३ मध्ये पाण्याला परवानगी मिळाली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर. हे बदल रोममध्ये झाले, फरक वसईतल्या आयांना पडला.

दुसरा एक निर्णय १९१० चा. त्याआधी मुलं दहा-बारा, कधी चौदा वर्षांची झाल्यावर पहिला ख्रिस्तप्रसाद घेत. दहावे पायस नावाच्या पोपनी सांगितलं की मूल सात वर्षांचं झालं, त्याला साधं समजायला लागलं की द्यावा. मुलांसाठी छानच. पण सात वर्षांच्या पोराकडून प्रार्थना घोकून कोण घेणार? भाकरी थापता थापता 'पुढे काय? पुढे काय?' म्हणणारी आईच.

कामाचंही बोलायला हवं, नाहीतर वाटेल वसईची आई दिवसभर जपमाळच ओढत होती. वसईची वाडी म्हणजे केळी, पानवेली, फुलं, भाजी. वाडीत बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आणि विहिरीवर रहाट. १८६४ मध्ये रेल्वे मुंबईपर्यंत पोचली आणि वाडीतला माल मुंबईच्या बाजारात जाऊ लागला. पाटी डोक्यावर घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणारी, लाल लुगड्यातली वसईची बाई पिढ्यानपिढ्या सगळ्यांच्या ओळखीची झाली. आदल्या रात्री जुड्या बांधायच्या, पहाटे निघायचं, पोरं सासूकडे. उन्हाळ्यात राजेळी केळी सुकवून सुकेळी करायची. कणगीत वर्षाचं भरून ठेवायचं. मुंबई-वसईच्या ख्रिस्ती घरांतला बाटली मसालाही उन्हाळ्यातलाच: वीसच्या वर जिन्नस भाजून, कांडून, गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरायचा म्हणून ते नाव. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे नव्या भाताची लोंबी चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा. आपण दसऱ्याला लोंब्या दाराला बांधतो, दिवसही जवळपास तेच. लग्नाआधी वाजतगाजत जाऊन 'उंबराचं पाणी' आणायची चाल आहे. नाव उंबराचं, झाड आपलं, पाणी विहिरीचं आणि नवरी चर्चला जाणारी. १७३६ च्या हुकूमवाल्यांनी पाहिलं असतं तर आणखी एक कलम वाढवलं असतं.

गटातल्या बायांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. १९१८ मध्ये वसईच्या पापडी गावात कॅथलिक लोकांनी एक पतपेढी काढली. तीच आज बेसिन कॅथलिक बँक म्हणून मोठी झाली. आपण वीस-वीस रुपये जमवतो तेव्हा कोणीतरी हसतं ना, त्याला हे सांगा. पाट्या उचलणाऱ्या बायकांचा पैसा असल्या पतपेढीच्या पायात होता असं मी मानते, कारण वाडीतल्या मालाचा रोख पैसा रोज घरी आणणारी तीच होती.

आता जरा नाजूक विषय. पोरं किती हवीत? १९५२ मध्ये आपल्या सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, पुढे लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला, 'दोन किंवा तीन' आलं. इकडे १९६८ च्या जुलैत सहावे पॉल या पोपनी पत्रक काढून गोळ्या, साधनं आणि शस्त्रक्रिया यांना मनाई केली. नैसर्गिक पद्धतीला, म्हणजे पाळीचे दिवस मोजून दूर राहण्याला, तेवढी परवानगी होती. कॅथलिक आई दोन्हींच्या मध्ये सापडली. दवाखान्यातली नर्स एक सांगे, प्रवचनात दुसरं ऐकू येई, आणि दिवस मोजायचे तर नवऱ्याने ऐकायला हवं. आपल्या गटात कोणाचा नवरा तारखा ऐकून घेतो, हात वर करा! मी इथे कोणाची बाजू घेत नाही. ज्या बाईच्या श्रद्धेला ते पटलं तिने तसं केलं, जिला झेपलं नाही तिने गुपचूप वेगळं केलं, आणि दोघींनी ते फारसं कोणाला सांगितलं नाही. प्रशिक्षणात भेटलेली माझी एक वसईची मैत्रीण म्हणाली, "आजीला नऊ, आईला चार, मला दोन. तिघींची जपमाळ तीच." पुढे तिने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१९६० च्या दशकात रोममध्ये मोठी धर्मपरिषद भरली आणि नंतर मिस्सा मराठीत सुरू झाली. पहिल्यांदाच आयांना वेदीवरचे शब्द कळू लागले. लॅटिनची सवय झालेल्या काही म्हाताऱ्यांना ते आवडलं नाही म्हणे, तेही समजण्यासारखं आहे. वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढे बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याआधी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वसईची हिरवी पट्टी आणि विहिरींचं पाणी वाचवायला हरित वसईची चळवळ त्यांनी उभी केली. टँकरवाले विहिरी उपसून पाणी विकत होते आणि वाड्या कोरड्या पडत होत्या. मोर्च्यात बायका होत्या, कारण घरात पाणी भरतं कोण? आज आपल्या शेजारच्या उसगावच्या धरणाचं पाणी वसई-विरारला जातं. तिकडची आई नळ उघडते तेव्हा आपल्या डोंगरातलं पाणी येतं, हे ना तिला माहीत असतं ना आपल्याला.

सध्याचं घर फ्लॅटचं आहे. आई नोकरीला लोकलने जाते, नवरा कधी आखातात, कधी बोटीवर. पोरं इंग्रजी शाळेत. जपमाळ दिवेलागणीला जमत नाही, नऊनंतर, टीव्ही बंद करून होते. नात इंग्रजीत म्हणते, आजी कादोडीत उत्तर देते, आणि आई मध्ये बसून दोघींना मराठीत सावरते.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी दोनला ती माझी मैत्रीण अंबाडीला येणार आहे. बाटली मसाला भाजून दाखवणार आहे. मिरची, धणे, हळद आणि तीळ गटाने आणायचे, बाकीचं ती आणेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपल्या गटाच्या अध्यक्षाकडे नाव द्या, आणि खलबत्ता ज्यांच्याकडे मोठा आहे त्यांनी तोही आणा.